धुऱ्यावर (बांधावर) लांडोर अंड्यांवर बसली आहे आणि चार दिवसांनी फवारणी आहे. किती तास (पिकाच्या ओळी) सोडावे?

कडुनिंबाखाली | २२ जुलै, रात्री ९.१०

नमस्कार. राळेगाव तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका लहान गावातून लिहून राहिली. अंगणवाडी सेविका आहे. मोरांचं, पाखरांचं ज्यांना कळते त्यांनी लवकर सांगावं, माझ्याजवळ दिवस कमी आहेत.

आमच्या ओळीत सात घरं. या सात घरांची मिळून एक लांडोर आहे. कोणी पाळली नाही, कोणी बांधली नाही, तिच्या मनानं येते अन् मनानं जाते. दोन वर्षांआधी मे महिन्यात नाला आटला तेव्हा ती पाण्यासाठी गावात आली. डाव्या पायाचं मधलं बोट नव्हतं, जखम ओलीच होती. कोणाच्या फाश्यात पाय गेला असेल. आमच्या म्हशीच्या नांदीतून पाणी झिरपते, तिथल्या ओल्या मातीत ती चोच घालत होती. आम्ही सारे आपापल्या दारात उभे, हलायची कोणाची हिंमत होईना. पुढच्या घरच्या आजीनं मातीचं परळ भरलं, बोरीखाली ठेवलं अन् पाय न वाजवता मागं सरकल्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. पोट्ट्यांनी नाव ठेवलं सखू.

तिचा दिवस ठरलेला. रात्री मारुतीच्या पाराजवळच्या कडुनिंबावर, अगदी शेंड्याच्या फांदीवर. साडेसहाला खाली उतरते. आधी किराणावाल्या काकांच्या ओट्यावर जाते, तिथं काकू ज्वारी पाखडत असतात. मग आमच्या कोठ्यात शेण उकरून किडे खाते. मग लंगडत लंगडत वावराकडे. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती बिळातून निघते ना, त्या संध्याकाळी सखूला पाहावं, नाव घेतलं तरी वळून पाहत नाही. मागच्या श्रावणात आमच्या लाकडांच्या ढिगापाशी ती एकाच जागी उभी राहून ओरडत होती. नेहमीचा आवाज नव्हता. मी अंगणवाडीतली लेकरं आत घेतली. ढिगातून साप निघाला.

तिच्यासाठी ओळीनं बसून काही ठरवलं नाही, एकेक होत गेलं. विहिरीवर जाळी आली. दोन घरचे कुत्रे ती वावरात जाईपर्यंत बांधलेले असतात. पेरणीचं मात्र ठरवून केलं. मागच्या जूनमध्ये नाल्याच्या काठी एक मोर मेलेला सापडला. पिसारा पुरा, अंगावर जखम नाही, चोचीत लाल बी. सरकीचं बी पाकिटातच औषध लावून येते, सोयाबीनला आपण घरी लावतो. डोबताना चार दाणे उघडे राहिले की पाखरू टिपते. तो मोर माझ्या दिरांच्याच वावराच्या खालच्या अंगाला पडला होता. ते घरी येऊन हातपाय न धुता अंगणात बसून राहिले, दोन घास जेवले नाहीत. या वर्षी सरकी डोबताना ओळीतल्या प्रत्येक घरानं मागून एक बाई ठेवली, उघडं बी मातीनं झाकायला. बियाण्याला औषध कोठ्याचं दार लावून चोळलं, सांडलेलं झाडून खड्ड्यात पुरलं. मजुरी वाढली, पण कोणी कुरकुर केली नाही.

आता मुद्दा. ७ जुलैपासून सखू सकाळी येईना. कडुनिंबावरही नाही. दोन दिवस आम्ही नाला, पांदण, सारं पाहून आलो. तिसऱ्या दिवशी दुपारी एकटी आली, घाईघाईनं पाणी प्याली, दाणे टिपले अन् दहा मिनिटांत पळाली. दिरांचा पोरगा लांबून मागं गेला. दिरांचं वावर अन् शेजारचं वावर यांच्या मधल्या धुऱ्यावर, बोरीच्या जाळीत, गवतात बसली आहे. ती उठून गेली असताना पोरानं एकदाच वाकून पाहिलं. अंडी पाच.

शेजारचं वावर दुसऱ्या गावच्या भाऊंनी ठेक्यानं केलं आहे. कपाशीवर तुडतुडे आले, पानांच्या कडा वाकून राहिल्या. २६ तारखेला फवारणी. मी काल त्यांना भेटली. ते म्हणाले, "वहिनी, माह्या मनात तिचं वाईट नाही. पण मी कर्ज काढून लावलं. किती तास सोडू ते सांगा, मी सोडतो. अंदाजानं नोका सांगू." मला त्यांचं बोलणं रास्त वाटलं. अन् फवारणीचं आमच्या जिल्ह्याला नव्यानं काय सांगावं. २०१७ च्या हंगामात वीसहून जास्त शेतकरी-मजूर त्या विषानं गेले. तेव्हापासून घरचा माणूस पाठीवर पंप घेऊन निघाला की बाई तो परत येईपर्यंत दाराकडे पाहत असते.

तर सांगा: किती तास सोडावे? ती आणखी किती दिवस बसेल? भोवती काट्यांचं कुंपण घालावं का? दाणापाणी तिथंच नेऊन ठेवावं का? अन् वनखात्याला सांगितलं तर ते तिला उचलून नेतील का? शेवटच्या प्रश्नापायी ओळीतले अर्धे लोक कळवायला तयार नाहीत.

---

तिफन | २२ जुलै, रात्री ९.४८

ताई, येवढी चिंता कशाले? अंडी उचला अन् खुडूक कोंबडीखाली ठेवा. आमच्या आजोबांच्या काळात असंच करत. पिल्लं घरीच मोठी होतात.

---

वर्धेकाठ | २२ जुलै, रात्री १०.१५

तिफन भाऊ, हे करू नका आणि कोणाला सांगूही नका. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. या कायद्यात 'शिकार' या शब्दात अंडी उचलणं, फोडणं, घरट्याला त्रास देणं हे सगळं येतं. शिक्षा तीन ते सात वर्षं. गळून पडलेलं पीस पोरांनी उचललं तर चालतं, अंडं नाही. ताईंच्या ओळीनं दोन वर्षं तिला मोकळं ठेवलं, त्यांना या भानगडीत कशाला टाकायचं?

ताई, वनखात्याला कळवा. 'हॅलो फॉरेस्ट' १९२६ हा बिनपैशाचा नंबर आहे. धडधाकट लांडोर घरट्यावर बसलेली असेल तर तिला उचलून नेण्याचं कारणच नाही, उलट नेलं तर अंडी वाया जातील. फोन करताना पहिलंच वाक्य हे सांगा की पक्षी जखमी नाही, पकडलेला नाही, घरटं जागेवर आहे, फक्त माहिती देत आहोत.

---

जनावरांचा डॉक्टर | २३ जुलै, सकाळी ६.३०

मी पशुधन विकास अधिकारी म्हणून वाशीम जिल्ह्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. ताईंचं लिहिणं रात्री दोनदा वाचलं. एकेक घेतो.

दिवस. लांडोर सगळी अंडी घालून झाल्यावरच नेटानं बसते. ती ७ तारखेपासून येईनाशी झाली, म्हणजे बसणं तेव्हाच सुरू झालं असं धरा. २८ ते ३० दिवस लागतात. ४ ते ६ ऑगस्टच्या सुमारास पिल्लं निघावीत. नर यात काहीही मदत करत नाही, सगळं तिच्या एकटीवर. दिवसातून एखादवेळा खायला-प्यायला उठते, तेच तुम्ही त्या दुपारी पाहिलं.

दाणापाणी घरट्यापाशी नेऊ नका. हे कळकळीनं सांगतो. माणसांच्या पायानं गवतात वाट पडली की कुत्रा आणि मुंगूस त्याच वाटेनं जातात. दाणे पडले की उंदीर येतात, उंदरामागं साप. परळ नेहमीच्या जागी ठेवा, ती येईल. कुंपणाचंही तेच. काटे रचायला चार माणसं तासभर तिथं वावरली तर ती घरटं सोडून देऊ शकते. बोरीची जाळी तिनं स्वतः निवडली आहे, तिच्यापेक्षा चांगलं कुंपण आपण घालणार नाही. पोराला सांगा, आता वाकून पाहणं बंद.

फवारणी. इथं फक्त अंड्यांचा विचार करून भागणार नाही. पिल्लं निघाली की पहिले काही आठवडे ती बहुतेक किडेच खातात. आई चोचीत किडा धरून दाखवते, पिल्लू तिच्या चोचीतून घेतं. फवारलेल्या वावरात मरायला टेकलेला नाकतोडा पळत नाही, म्हणून तोच आधी सापडतो. मोनोक्रोटोफॉस तर पक्ष्यांसाठी फारच जहाल. अर्जेंटिनात १९९५-९६ च्या हंगामात या औषधानं मारलेले नाकतोडे खाऊन उत्तर अमेरिकेतून आलेले बाज हजारोंनी मेले होते. तुमचे भाऊ ते वापरणार असतील तर आधी ते थांबवा. दुसरं कुठलंही असलं तरी धुऱ्यालगतचा पट्टा पिल्लं निघाल्यावरही दोन-तीन आठवडे सोडायला हवा. साधारण दोन आठवड्यांत पिल्लं फडफडत खालच्या फांदीवर चढू लागतात, मग ती आईमागं लांब जातात.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाही. ओळीत कोंबड्या आहेत का? असतील तर सखूचं परळ आणि कोंबड्यांचं पाणी वेगळं करा, दाणे टाकायची जागाही वेगळी. मानमोडी कोंबड्यांकडून मोरांना होते. दुसरा एक रोग आहे, कोंबडीच्या पोटातल्या जंतांच्या अंड्यांमधून पसरतो. कोंबडी वरून धडधाकट दिसते, पण मोराचं यकृत त्यानं सडतं, पिल्लं तर पटकन जातात. तिफन भाऊ, खुडूक कोंबडीखाली अंडी न ठेवण्याचं कायद्याशिवायचं कारण हेच. कोंबड्यांना जंताचं औषध आणि मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते, ते आताच करून घ्या.

आणि ती कधी जखमी झालीच, तर घरी हळद-तेल लावत बसू नका. १९२६ ला सांगा, नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथं वन्यप्राण्यांवर उपचार होतात.

---

काळी माती | २३ जुलै, सकाळी ८.०५

हिंगणघाटकडचा कपाशीवाला आहे. तासांचं मी सांगतो, कारण तो प्रश्न शेतकऱ्याचा आहे आणि शेतकऱ्याला त्याच भाषेत उत्तर पाहिजे.

पहिले हे पाहा की फवारणी लागते का. तुडतुडे दिसले की पंप काढायचा, असं नाही. वावरात कोपऱ्याकोपऱ्यातून वीस झाडं धरा, प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं पान उलटं करून मोजा. सरासरी पानामागे दोनच्या वर तुडतुडे असतील अन् पानांच्या कडा वाकून पिवळ्या होत असतील तर फवारणी करा. कमी असतील तर थांबा. हे मोजायला सकाळी घड्याळाचा एक तास लागते. औषधाच्या पैशापुढे तो तास काहीच नाही.

लागलीच फवारणी, तर माझ्या वावरात टिटवीनं अंडी घातली होती तेव्हा मी धुऱ्यापासून दहा तास सोडले होते. मोराला त्याहून जास्त सोडा, पंधरा म्हणा. अन् सोडले म्हणजे वाऱ्यावर सोडले नाही. त्या पट्ट्यात पाच टक्के निंबोळी अर्क मारायचा. पाच किलो वाळली निंबोळी कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा अन् शंभर लिटर करा. उन्हं उतरल्यावर मारा. पिवळे चिकट सापळे लावा, पण त्या पट्ट्यात नका लावू, पिल्लू चिकटेल. बाकी वावर फवारताना वारा धुऱ्याकडून वावराकडे वाहत असला पाहिजे. उलटा असेल तर त्या दिवशी पंप खाली ठेवा. वाऱ्याच्या उलट फवारून माणसं मेली आहेत आपल्याकडे, पाखराचं तर सोडाच.

भाऊंना माझा निरोप द्या: पंधरा तासांत अर्कावर थोडं कमी पिकलं तर ते किती हे मोजून पाहा म्हणावं. मी मोजलं होतं. दिवाळीपर्यंत मी ते विसरून गेलो होतो.

---

कडुनिंबाखाली | २३ जुलै, रात्री ८.४०

डॉक्टरसाहेब, काळी माती दादा, वर्धेकाठ, सगळ्यांचे आभार. मी हे सारं काकांच्या दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं, ओळ जमली होती.

कोंबड्यांचं ऐकून पुढच्या घरच्या आजी गप्प झाल्या. कोंबड्या त्यांच्याच आहेत, अन् सखूचं परळ त्यांनीच पहिल्यांदा ठेवलेलं. आज संध्याकाळी त्यांनी स्वतः ते परळ चुन्यानं घासलं, उन्हात पालथं घातलं अन् कोंबड्यांसाठी जुनं टोपलं मागच्या अंगणात नेलं. उद्या कोंबड्या दवाखान्यात.

तुडतुडे मोजायला उद्या पहाटे भाऊ, दीर अन् मी जाणार. पोराला मी सोबत नेणार नाही, त्यानं तोंड फुगवलं आहे.

१९२६ ला फोन मीच केला. नाव सांगताना आवाज कापत होता.

---

कडुनिंबाखाली | ३० जुलै, दुपारी ३.२०

उशीर झाला, माफ करा. चार दिवस झड लागली होती, रेंजच नव्हती.

मोजणीत भाऊंच्या वावराच्या खालच्या अर्ध्यात पानामागे तीन-साडेतीन आले, वरच्या अर्ध्यात एकही पुरता नाही. धुरा वरच्या अर्ध्याला लागून आहे! भाऊंनी कागद दोनदा पाहिला. मग म्हणाले, "मंग वरतं काहून मारू?" फक्त खालचं अर्धं फवारलं, तेही पाऊस उघडल्यावर, वारा पाहून, तोंडाला फडकं अन् हातमोजे घालून. वरच्या अर्ध्यात धुऱ्यालगत पंधरा तास निंबोळी अर्क. निंबोळ्या मारुतीच्या पाराजवळच्याच, बायांनी आखाडात वेचून वाळवलेल्या. कुटायचं काम माझ्या अंगणात झालं. दोन दिवस हाताचा कडू वास जात नव्हता.

वनरक्षक आले होते. तरुण आहेत. धुऱ्यापासून लांब उभं राहून दुर्बिणीनं पाहिलं, वहीत लिहिलं, जवळ गेले नाहीत. उचलून न्यायची गोष्टच काढली नाही. जाताना दिरांना म्हणाले, डवरणी करताना बैल धुऱ्यापाशी वळवू नका, चार हात आधीच वळवा. हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. डवरं वळताना बैलाचा पाय धुऱ्यावर पडतोच.

झडीत ती उठली नाही. दीड दिवस परळाकडे आली नाही. मी छत्री घेऊन पांदणीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आली, पुढं गेली नाही. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं नसतं तर गेली असती.

---

जनावरांचा डॉक्टर | ३० जुलै, सायं. ५.००

पुढं गेला नाहीत हे फार बरं झालं. पावसात अंड्यांवरून न उठणं हे तिच्या अंगातच आहे. खायला ती एखादा दिवस मागंपुढं करू शकते, अंडी थंड पडली तर मात्र गेली. आता ४ तारखेपासून दुपारी परळावर लक्ष ठेवा.

---

तिफन | ३१ जुलै, सकाळी ७.१२

ताई, मी कोंबडीचं बोललो त्याचं मनावर घेऊ नका. मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या गावच्या नाल्यातही मोर आहेत, अन् कोंबड्या तर प्रत्येक घरी. परळ वेगळं करायचं आजच सांगतो सगळ्यांना.

---

कडुनिंबाखाली | ८ ऑगस्ट, सकाळी १०.४५

काल सकाळी सात वाजता सखू ओळीत आली. पायी. उडून नाही. पांदणीतून, काकांच्या ओट्याला वळसा घालून, आमच्या कोठ्याच्या भिंतीकडेनं. दर चार पावलांवर थांबून मागं पाहत होती. मागं चार पिल्लं. मातकट, पाठीवर काळसर ठिपके, कोंबडीच्या पिल्लाहून थोडी उंच. पाचवं अंडं फुटलं नाही की पिल्लू वाटेत गेलं, ते कळलं नाही. धुऱ्यावर जाऊन कोणी पाहिलं नाही.

कुत्रे बांधलेले होते. सारे दारात उभे. दोन वर्षांआधी उभे होतो तसेच, फक्त आजी आता काठी घेऊन उभ्या राहतात. सखूनं कोठ्यामागचं शेण उकरलं, एक पांढरी अळी चोचीत धरली अन् उभी राहिली. एका पिल्लानं उडी मारून तिच्या चोचीतून घेतली. डॉक्टरसाहेब, तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच. अंगणवाडीत येणारी एक चिमुकली माझा पदर धरून उभी होती, तिनं हळूच विचारलं, "बाई, तिले चार अन् मले एकच भाऊ काहून?"

भाऊंना फोन केला. ते त्यांच्या गावाहून सायकलनं आले. येईपर्यंत सखू वावरात परतली होती, पण ओल्या मातीत पावलांचे ठसे होते. एक मोठं पाऊल, डावीकडं मधलं बोट नसलेलं, अन् भोवती बारीक बारीक. ते उकिडवं बसून बराच वेळ पाहत होते. पंधरा तास ऑगस्टभर तसेच ठेवतो म्हणाले, मी विचारलं नव्हतं.

एक प्रश्न राहिला. परळ चार बोटं खोल आहे. एक पिल्लू काठावर चढून पाण्यात वाकलं तेव्हा माझा जीव खालीवर झाला. उथळ काय ठेवावं?

---

काळी माती | ८ ऑगस्ट, सकाळी ११.०२

परळ तेच ठेवा, तिला सवय आहे. आत नाल्यातले गोल खडे टाका, पाण्याच्या वर येतील एवढे. पिल्लू पडलं तरी खड्यावर उभं राहते.

---

कडुनिंबाखाली | ८ ऑगस्ट, दुपारी १.३०

पोराला नाल्यावर पाठवलं होतं. टोपलंभर खडे घेऊन आला. आजींनी एकेक धुऊन टाकला.